दादाचा डावा कान

माझ्या दादाला कुणी विचारलं, "तू मूळचा कुठला?" की तो म्हणायचा, "तिसऱ्या मजल्याचा." समोरचा चिवट असला आणि "तसं नाही हो, त्याआधी कुठले?" असं विचारत राहिला, की दादा म्हणायचा, "त्याआधी दुसऱ्या मजल्यावर होतो. तिथे छत गळायचं." बहुतेक लोक इथे थांबायचे. जे थांबत नसत त्यांच्याशी तो देशाच्या भवितव्यावर फार गंभीरपणे बोलायला लागायचा, मग तेही घड्याळ बघून निघून जायचे.

खरं उत्तर साधं होतं. आई इथली, बाबा तिकडचे. बाबा टेलिफोनच्या केबल टाकायला दोन वर्षांसाठी आले होते. आई ज्या शाळेत गणित शिकवायची तिच्या फाटकासमोरच त्यांनी खड्डा खणला. आई तक्रार करायला खाली उतरली आणि तक्रार करता करता लग्न झालं. केबल कधीच गंजली. बाबा राहिले.

दोघांना दोन मुलं. दादा बाबांवर गेला, मी आईवर. म्हणजे तो काळा, मी गोरी. त्याचे केस कुरळे, माझे सरळ. आईकडचे नातेवाईक आले की मला मांडीवर घ्यायचे आणि दादाला खाऊ द्यायचे. खाऊ दिला की मांडीवर घ्यावं लागत नाही. दादाला हे पाच वर्षांचा असतानाच कळलं होतं आणि त्याला त्याचं काहीच वाटायचं नाही, कारण खाऊ खरंच जास्त मिळायचा. मला वाटणी मागितली की म्हणायचा, "तुला मांडी मिळाली ना?"

शाळेत दरवर्षी एक नाटक बसायचं. परके आपल्या देशावर चाल करून येतात, आपले शूर लोक त्यांना पळवून लावतात आणि शेवटी मातृभूमी सगळ्यांना आशीर्वाद देते, असं ते नाटक. परका म्हणून दादाची निवड पहिलीपासून कायम. बाईंची नजर वर्गावरून फिरली की बरोबर त्याच्यावर येऊन थांबायची. बाकीच्या मुलांना कागदी तलवारी मिळायच्या, याला मार मिळायचा. मी तिसरीत गेले त्या वर्षी मला मातृभूमी केलं. पुठ्ठ्याचा मुकुट घालून मी खुर्चीवर उभी आणि खाली माझा सख्खा भाऊ माझ्यावर आक्रमण करतोय. यथासांग मार खाऊन तो माझ्या पायाशी पडला आणि मेलेल्या अवस्थेत पुटपुटला, "मातृभूमी, नाक पूस." मला हसू फुटलं. मातृभूमी खदखदून हसल्यामुळे नाटकाचा विचका झाला आणि बाईंनी शिक्षा केली. मला नाही, परक्याला.

त्याच दिवशी शाळेत नवीन आलेल्या एका मुलीने मला विचारलं, "तो काळा मुलगा तुझ्याशी सारखा का बोलतो गं?"

मी म्हणाले, "शेजारचा आहे."

दादा दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याने ऐकलं. घरी चुगली केली नाही. जेवताना मात्र म्हणाला, "शेजारीण, जरा मीठ द्या." महिनाभर मी शेजारीण होते. आमचे पलंग शेजारी शेजारी होते, त्यामुळे मी तसं खोटं बोलले नव्हते, हेही त्यानेच मला समजावून सांगितलं. नऊ वर्षांच्या पोरीला हे माफ आहे. पुढे शिकून सवरून मी जे केलं, त्याला माफी आहे की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून तर हे सगळं सांगत बसले आहे.

बाविसाव्या वर्षी दादाला वाटलं, आपण तिकडे जाऊन बघावं. तिकडे सगळे आपल्यासारखेच दिसतात, कुणी वळून बघणार नाही. गेला. आत्याने गळ्यात पडून रडून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला आणि रांगेत उभा राहिला. रांगेत उभा राहिला म्हणूनच हा परका आहे हे अख्ख्या दुकानाने ओळखलं. तोंड उघडल्यावर तर विचारूच नका. बाबांची भाषा तो आईच्या हेलात बोलतो, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, कारण ती भाषा आम्ही चौघंच बोलायचो. तिकडे त्याचं नाव पडलं 'इकडचा'. आठ महिन्यांत परत आला. मी विचारलं, "कसं होतं?" तर म्हणाला, "अगदी इथल्यासारखं. इथले म्हणतात तिकडचे अंघोळ करत नाहीत, तिकडचे म्हणतात इथले अंघोळ करत नाहीत. मी दोन्हीकडे रोज अंघोळ केली, काही उपयोग झाला नाही."

मग तो एका गॅरेजात लागला. गाडीला पोचा आला की ठोकून सरळ करायचा आणि रंग असा लावायचा की कुठे लागलं होतं ते मालकाला शोधून सापडू नये, हे त्याचं काम. रंगाच्या बाबतीत त्याच्या डोळ्याला तोड नव्हती. पांढऱ्यात त्याला अकरा पांढरे दिसायचे.

मी तोवर एका सरकारी इस्पितळाच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला लागले होते. तिथे आम्ही माणसांचे सुटे भाग करतो. हाताची बोटं, नाक, कान. अपघातात, आजारात ज्याचं जे गेलं असेल ते सिलिकॉनचं करून द्यायचं. मी मेणात आकार कोरते. प्लास्टरवाले काका त्याचा साचा करतात. मावशी ते भाग बांधायचे पट्टे शिवते, त्यांना बक्कल लावते. आणि शेवटी रंगारी त्यात रंग भरतो. रंग चुकला तर बाकीच्यांची मेहनत पाण्यात, कारण आकार कितीही उत्तम असला तरी रंग न जुळलेला कान हा कान दिसत नाही, चिकटवलेला खडू दिसतो.

नोकरीच्या अर्जात वडिलांचं जन्मगाव असा एक रकाना होता. मी तिथे आईचं गाव लिहिलं. कारकुनाने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि शिक्का मारला. लग्न होऊन आडनाव बदललेलंच होतं. वर्षभरात मी कायम झाले.

तीन वर्षांनी जुना रंगारी निवृत्त झाला. ही जागा आहे हे दादाला मीच सांगितलं. त्याने अर्ज केला, त्या रकान्यात बाबांचं गाव ठसठशीत अक्षरात लिहिलं आणि 'तात्पुरता' म्हणून लागला. तो रुजू व्हायच्या आदल्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. फार वेळ पडद्यांबद्दल बोलले. मग म्हणाले, "दादा, तिथे आपण ओळखीचे नकोत. माझा अर्ज वर काढतील रे."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग उठून मला नमस्कार करून म्हणाला, "बरं, मॅडम. भेटून आनंद झाला."

अकरा वर्षं. अकरा वर्षं एका छताखाली आम्ही एकमेकांना मॅडम आणि रंगारी म्हणत होतो. येताना मी एका बसने, तो पुढच्या. बाबा वारले तेव्हा दोघांनी वेगवेगळ्या कारणांची रजा टाकली. त्याने 'वडिलांचं निधन' लिहिलं, मी 'ताप' लिहिलं. आजही ते आठवलं की मला माझ्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

रंगांच्या बाटल्यांची पेटी आम्हाला वरून यायची. सहा बाटल्यांवर 'त्वचा' असं लिहिलेलं, सातवीवर 'इतर'. पहिल्याच दिवशी दादाने सातवीचं झाकण उघडून बघितलं आणि सगळ्यांना सांगितलं, "इतर सुकलंय." मग त्याने ती पेटी बाजूला सारून स्वतःचे रंग करायला घेतले. गिऱ्हाइकाला खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात बसवायचा, त्याच्याशी वायफळ गप्पा मारायचा आणि एकेक थेंब टाकत जायचा. थेंब मोजायचा तो बाबांच्या भाषेत. मोठे साहेब एकदा म्हणाले, "गिऱ्हाईक बिचकतं, मनात मोजत जा." दादाने मनात मोजून एक कान हिरवट करून दाखवला. त्यानंतर साहेब त्या वाटेला गेले नाहीत.

आता झेंडेवाल्यांकडे येते.

झेंडेवाले म्हणजे आमच्या भागातलं बडं प्रस्थ. 'आपली माती मंच' नावाची त्यांची संघटना. बाहेरच्यांना बाहेर काढा, आपल्यांना आत घ्या, असा एकूण कार्यक्रम. इस्पितळाच्या समितीवरही ते होते आणि त्यांनी नुकताच ठराव मांडला होता, की ज्यांचं मूळ संशयास्पद आहे अशा तात्पुरत्या नोकरांची यादी करून त्यांना कमी करावं. यादीत चौथं नाव दादाचं. दादाला ही नोकरी गेली तर दुसरी नव्हती. गॅरेजात आता मशीन रंग जुळवतं, आणि माणसाच्या कातडीचा रंग जुळवणारं दुसरं वर्कशॉप देशात कुठे आहे ते मला तरी माहीत नाही.

तर या झेंडेवाल्यांनी आपल्या गच्चीवर एक झेंडा उभारायला घेतला. शेजारच्या इमारतीपेक्षा उंच हवा म्हणून खांब वाढवत नेला. वारा आला, ताण दिलेली तार तुटली आणि झेंडेवाल्यांचा डावा कान घेऊन गेली. देशासाठी लोकांनी काय काय दिलं आहे, यांनी कान दिला. मी हसू नये हे मला कळतं, पण दादा म्हणाला, "झेंड्याला तरी काय माहीत हे मूळचे आहेत ते?" आणि माझ्या हातातलं मेण खाली पडलं.

महिन्याभराने जखम भरली आणि झेंडेवाले आमच्याकडे आले. समितीची वार्षिक सभा दहा दिवसांवर. सभेला दोन कान हवेत. साहेबांनी त्यांना दादासमोर आणून बसवलं. झेंडेवाल्यांनी दादाकडे बघितलं आणि साहेबांना म्हणाले, "हा? नको. आपल्यातलं कुणी नाही का?"

दादा म्हणाला, "आहे ना. मॅडम आहेत," आणि शांतपणे आतल्या खोलीत निघून गेला.

मी पुढे झाले. मला बघून झेंडेवाल्यांचा चेहरा खुलला. "बघा," ते साहेबांना म्हणाले, "आपलं माणूस बघितलं की कसं बरं वाटतं." मी मान खाली घालून माप घ्यायला लागले. दादा आतल्या दाराच्या काचेतून, स्टुलावर चढून, त्यांच्या कातडीचा रंग बघत होता. तो बघणारच होता, कारण रंग त्यालाच द्यायचा होता. हे फक्त गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, असा साहेबांनी मधला मार्ग काढला होता.

कान नव्याने कोरायला मला तीन आठवडे लागतात. घाई असली की आम्ही एक युक्ती करतो. घरातल्या कुणाचा तरी तसाच कान शोधायचा, त्याचा साचा घ्यायचा आणि थोडं मेण चढवून उतरवून जुळवायचं. मी झेंडेवाल्यांच्या घरच्यांना बोलावलं. भाऊ आला, मुलगा आला, दोन पुतणे आले. एकाचा कान सुपाएवढा, एकाचा चिमुकला, एकाचा पुढे आलेला, मुलाचा तर सासुरवाडीचा. अस्सल मूळ घराणं, आणि एक कान दुसऱ्याला जुळेल तर शपथ.

मग मी त्यांचा शाबूत राहिलेला उजवा कान नीट बघितला. पाळी गालाला चिकटलेली. वरच्या कडेला एक छोटी गाठ. आतली वळी जरा रुंद. आणि माझ्या हातातलं माप तसंच राहिलं. हा कान मी ओळखत होते. शेवटच्या आजारात बाबांना अंघोळ घालताना याच कानामागे मी साबण लावत होते. तोच कान दादाला आहे. तोच मला आहे, फक्त आकाराने लहान, म्हणून तर मी जन्मभर केस कानावरून घेत आले.

रविवारी दुपारी दादाकडे गेले आणि सांगितलं. तो इतका हसला की शेजारच्यांनी भिंत वाजवली. मग डोळे पुसून म्हणाला, "बाबा असायला हवे होते."

"देतोस का?"

"कापून?"

"साचा, मूर्खा."

"देतो. पण एक अट. कुणाचा कान, असं विचारलं तर खोटं बोलायचं नाही."

मी कबूल केलं. मला वाटलं, कोण विचारतंय. स्वयंपाकघरात टेबलावर त्याचं डोकं आडवं ठेवलं, कानात कापूस घातला आणि साच्याचं मिश्रण ओतलं. ते घट्ट होईपर्यंत त्याला हलायची आणि बोलायची बंदी होती. माझ्या आठवणीत दादा एवढा वेळ गप्प तेव्हाच बसला.

पुढे सगळं सुरळीत झालं. मी मेण जुळवलं, काकांनी साचा केला, काहीही न विचारता केला. दादाने आतल्या खोलीत थेंब मोजले. आठव्या दिवशी मी झेंडेवाल्यांना कान बसवला आणि आरसा दिला. ते बघतच राहिले. डावीकडे वळले, उजवीकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले, आणि खरं सांगते, त्या क्षणी माझेही आले. माणूस कितीही चमत्कारिक असो, आरशात स्वतःला पुन्हा सापडला की त्याचा चेहरा लहान मुलासारखा होतो.

मग त्यांनी विचारलं, "हा कुणाच्या कानावरून केलात?"

आतल्या दारामागे स्टूल कुरकुरलं.

मी म्हणाले, "माझ्या भावाच्या."

त्या इमारतीत 'माझा भाऊ' हे शब्द मी पहिल्यांदा उच्चारले. नाव नाही, गाव नाही, नुसता भाऊ. झेंडेवाले उभेच राहिले. "म्हणजे आपल्याच रक्ताचा! ताई, मला त्या भावाचे पाय धरायचेत. सभेला घेऊन या. सगळ्यांसमोर सत्कार करतो. बाहेरच्यांना कळू दे, आपलं माणूस आपल्यासाठी काय करतं ते."

ते गेल्यावर मी आत गेले. एरवी दादाने अशा वेळी तासभर टिंगल केली असती. त्या दिवशी तो ब्रश धूत राहिला. "आता काय करू?" मी कुजबुजले.

"सांग, भाऊ गावाला गेलाय. अशा वेळी भाऊ गावालाच असतात."

"आणि यादी?"

"यादीत काय, नाव आहे. निदान स्पेलिंग तरी बरोबर लिहिलंय." मग ब्रश झटकून म्हणाला, "तू कायम आहेस, तुझी दोन पोरं आहेत. उगाच शूरपणा करू नकोस, मॅडम."

दोन रात्री मी नीट झोपले नाही. नवरा म्हणाला, "इतकी वर्षं गप्प बसलीस, आणखी एक दिवस बस." त्याने ते माझ्या भल्यासाठी सांगितलं, पण ऐकताना मला किळस आली, आणि ती त्याची नव्हती.

सभा सकाळी अकराला इस्पितळाच्या सभागृहात होती. व्यासपीठावर झेंडेवाले, दोन कानांसह. मोठ्या साहेबांनी अहवाल वाचला, तो कुणी ऐकला नाही. मग यादी वाचायला घेतली. पाच नावं. चौथ्या नावाला मी मागे वळून बघितलं. दादा शेवटच्या रांगेत काका आणि मावशीच्या मध्ये बसला होता आणि छताकडे बघत होता.

"ठराव मताला टाकण्याआधी," झेंडेवाले उठले, "एक आनंदाची गोष्ट." त्यांनी कानाची कथा सांगितली. तारेची हकिकत त्यांनी स्वतःच्या बाजूने बरीच सुधारून घेतली होती, वाऱ्याऐवजी आता कटकारस्थान आलं होतं. शेवटी कानाला हात लावून म्हणाले, "ही आपल्या मातीची देणगी आहे. ताई, कुठे आहेत तुमचे भाऊ? बोलवा त्यांना वर."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गावाला गेलाय, एवढंच म्हणायचं होतं. मी उठले. 

"वर बोलवायला कशाला हवं?" मी म्हणाले. "साहेबांनी आत्ताच वाचलं की नाव. यादीत चौथा आहे तो."

कुणाला काही कळेना. मग मी बोट करून दाखवलं. "तो. रंगारी. माझा सख्खा भाऊ. आमची आई इथली, बाबा तिकडचे. तुमच्या डोक्याला लावलाय तो आमच्या बाबांचा कान आहे."

झेंडेवाल्यांचा हात सर्रकन कानाकडे गेला.

"ओढू नका!" मी ओरडले, कारण काही झालं तरी ते माझं काम होतं. "कड फाटेल. काढायचं द्रावण वर्कशॉपमध्ये आहे."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं कुणी. झेंडेवाले एका हाताने कान धरून उभे होते. ठेवावा तर बाहेरचा, काढावा तर भोक. "ही फसवणूक आहे!" ते म्हणाले. मी म्हणाले, "आहेच. पण तुमची नाही. अर्जात वडिलांच्या गावाच्या जागी मी आईचं गाव लिहिलंय, ती फसवणूक आहे. यादी करायची तर माझं नाव घाला. पाच काय, सहा होऊ द्या." एवढं बोलून मी बसले.

पुढचं थोडक्यात सांगते. सभेत इतका गोंधळ झाला की ठराव मताला आलाच नाही, आणि पुढच्या बैठकीत तो विषय कुणी काढला नाही. दादा अजून तात्पुरताच आहे. मला चौकशीचं पत्र आलं आणि माझी कायम नोकरी तात्पुरती झाली. झेंडेवाले सगळ्यांना सांगत फिरतात की तो कान त्यांनी फेकून दिला. पण सिलिकॉनचा रंग दोन वर्षांत उडतो. ठरल्या वेळी ते मागच्या दाराने येतात, खिडकीपाशी उजेडात बसतात, आणि दादा त्यांच्या कानाशी बाबांच्या भाषेत मोठ्याने थेंब मोजतो.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशी दुपारचं. सभेनंतर मी एकटीच जिन्यात बसून राहिले. आता वर्कशॉपमध्ये सगळ्यांना तोंड कसं दाखवायचं? अकरा वर्षं ज्यांच्याबरोबर चहा प्यायले, त्यांच्यासमोर सख्ख्या भावाला परकं केलं. शेवटी उठले आणि गेले. काका प्लास्टर कालवत होते. मावशी बक्कल लावत होती. दादा खिडकीपाशी पाठमोरा बसून काम करत होता.

मी दारात उभी राहून म्हणाले, "मला तुम्हा सगळ्यांना सांगायचंय. म्हणजे तुम्ही ऐकलंच. रंगारी माझा भाऊ आहे."

काका म्हणाले, "हो. ती बादली जरा इकडे सरकव."

मी बादली सरकवली. "काका, मी म्हणतेय, हा माझा सख्खा भाऊ आहे."

"अगं हो बाई, माहीत आहे. धुळीसाठी टोपी घालतेस की नाही कामाला बसताना? मग कान बाहेरच असतात तुझे. बावीस वर्षं मी कान करतोय. तो लागला त्याच आठवड्यात मावशीने मला कोपराने ढोसलं."

मी विचारलं, "मग... कधी बोलला का नाहीत?"

काकांनी खिडकीकडे बघितलं. दादाचा हात थांबला होता, पण तो वळला नाही.

"त्यानेच सांगून ठेवलं होतं," काका म्हणाले. "म्हणाला, तिचं तिला सांगू द्या. एक दिवस येईल आणि सांगेल. तेव्हा पहिल्यांदाच कळल्यासारखं करा, तिला वाईट वाटायला नको." ते जरा ओशाळले. "पण अकरा वर्षं झाली गं. सभेत तू बोललीस तेव्हा लक्षातच राहिलं नाही."

मावशी मात्र दिल्या शब्दाला जागणारी. तिने हातातलं बक्कल खाली ठेवलं, गालावर हात ठेवले आणि डोळे मोठे करून म्हणाली, "अगंबाई! भाऊ? खरंच की काय?"

आणि मी तिथेच, बादलीवर बसून, मोठमोठ्याने रडायला लागले.